मिठाची गुळणी



"या वर्षी स्मरणिकेला पाककृती नको हं, दुसरे काही तरी लिहा," असे आपल्या चिटणीसबाईंनी मला हसत हसत बजावले. त्या का हसल्या हे पुष्कळजणींना ठाऊक आहे. ज्या नव्याने सभासद झाल्या आहेत त्यांच्यासाठी सांगते. गेल्या वर्धापनदिनाच्या जेवणात पुरणपोळ्या दोघींकडे होत्या आणि कटाची आमटी माझ्याकडे होती. आमटी मी तीनदा चाखली, तिन्ही वेळा ती मला अळणी लागली आणि तिन्ही वेळा मी मीठ घातले. पंगत बसली, पहिला भुरका झाला, आणि सगळ्या बायका एकदम पाण्याच्या भांड्याकडे वळल्या. उभा जन्म चुलीपुढे गेलेल्या बाईची अशी फजिती व्हावी, याचे मला रात्रभर वाईट वाटत राहिले.

झाले होते असे, की त्याआधी तीन आठवडे माझी एक किडकी दाढ काढली होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गुलाबी औषधाची बाटली दिली होती आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्याने चूळ भरा, असे सांगितले होते. आपला स्वभाव असा, की औषध आणले म्हणजे ते संपवायचे! मी आठवड्याऐवजी तीन आठवडे आणि दोनदाऐवजी चारदा चुळा भरल्या. आमटीची हकीगत सांगितली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, त्या औषधाने खारट चव मंदावते. औषध बंद करा, जीभ ताळ्यावर येईल." आणि खरोखर, थोड्याच दिवसांत मला पुन्हा मीठ कळू लागले.

परंतु तेवढ्यावर माझे मन थांबेना. आपल्या आज्या-पणज्या तर जन्मभर झाडपाल्याच्याच गुळण्या करीत. त्यांच्या चवीचे काय होत होते? त्या गुळण्यांनी तोंडात नेमके होते तरी काय? सासऱ्यांच्या कपाटात गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट' होते ते काढले, वाचनालयातून सुश्रुताचे भाषांतर आणले, डॉक्टर असलेल्या भाचीकडून नव्या संशोधनाची माहिती घेतली. त्यातून हा लेख झाला. यात आमच्या घरातली एक गोष्टही आली आहे. ती लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला, आणि लिहिली.

आमचे माहेर सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. सकाळी परसदारी न्हाणीच्या दगडावर सगळ्या घराची तोंडे धुतली जात. आजोबा कडुलिंबाची काडी चावून तिचा कुंचा करीत आणि अर्धा तास अंगणभर फिरत. आम्हा मुलांना राखुंडी, म्हणजे गोवरीची वस्त्रगाळ राख आणि चिमूटभर मीठ. आजीची स्वतंत्र डबी असे. तीत बाभळीच्या सालीची पूड, हिरडा आणि किंचित तुरटी. कोणाचे तोंड आले तर दारच्या जाईचा पाला चघळायला मिळे. दाढ ठणकली तर लवंगेच्या तेलाचा बोळा. आणि मागच्या पायरीवर भिंतीकडे तोंड करून आमची आत्या बसे. तिच्या डाव्या तळहातावर मशेरी. आत्याविषयी पुढे सांगते.

आपल्या भाषेत या कामाला किती शब्द आहेत पाहा. चूळ भरतात, खळखळून टाकतात. गुळण्या करतात, त्या घशापर्यंत जातात. आणि गुळणी धरतात. गाल फुगवून धरलेल्या गुळणीने बोलता येत नाही, म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाला आपण म्हणतो, मिठाची गुळणी धरून बसला आहे. हा भेद आपल्या वैद्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी शास्त्रात घातला आहे. तोंडात घेतलेला पदार्थ सुखाने फिरवता येतो तो 'कवल', आणि तोंड इतके भरले की तो हलवताच येत नाही तो 'गंडूष', असे सुश्रुत सांगतो. वाग्भटाने गंडूष धरण्याची रीतही सांगितली आहे. वारा नसलेल्या जागी उन्हात बसावे, मान-खांदे चोळून शेकून घ्यावेत, तोंड किंचित वर करावे, आणि तोंडात कफ दाटून नाका-डोळ्यांतून पाणी येईपर्यंत गुळणी धरावी. आजच्या भाषेत, लाळ सुटेपर्यंत.

कशाची गुळणी धरावी? रोजच्यासाठी तिळाचे तेल, असे वाग्भट म्हणतो, आणि पुढे 'अथवा मांसरस' असेही म्हणतो. (सासऱ्यांनी त्या ओळीवर पेन्सिलीने काट मारलेली आहे!) तोंडाला चव नसेल, घाण येत असेल तर कांजीची, तोंडात व्रण असतील, आग होत असेल तर मधाची. दातवणासाठी चरकाने करंज, कण्हेर, रुई, अर्जुन, असाणा अशी झाडे सांगितली आहेत. सुश्रुताने तर रसवार निवाडा दिला आहे: कडूत कडुलिंब श्रेष्ठ, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज. काडी बारा अंगुळे लांब, करंगळीइतकी जाड. जीभ खरवडायला सोने, रुपे, तांबे यांची पट्टी. मुखशुद्धी आणि रुची यांसाठी जायफळ, लवंग, कंकोळ, वेलदोडा, कापूर, सुपारी आणि विड्याचे पान तोंडात धरावे, हेही चरकाने लिहून ठेवले आहे. यातली सुपारी लक्षात ठेवा.

मला सर्वांत नवल वाटले ते सुश्रुताच्या एका लहानशा वाक्याचे. कवल कमी झाला तर तोंड जड होते, कफ दाटतो आणि रसज्ञान राहत नाही, म्हणजे चव कळत नाही. आणि अति झाला तर? तोंड येते, कोरड पडते, तहान लागते, अरुची होते. माझ्या आमटीची कथा कोणी आधीच लिहून ठेवल्यासारखे ते वाक्य मला वाटले. गुळणीला प्रमाण आहे, ती कमी झाली तरी चव जाते आणि जास्त झाली तरी जाते, हे त्या लोकांनी नुसत्या निरीक्षणाने ओळखले होते. पाच वर्षांखालच्या मुलाला कवल देऊ नये, असेही वाग्भट सांगतो. आजचे दंतवैद्य सहा वर्षांखालच्या मुलांना चूळ भरायचे औषध देऊ नका म्हणतात, कारण मूल ते गिळते.

आता थोडे सातासमुद्रापलीकडे जाऊ या. हॉलंडमधील डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगांतून त्याने जगाला प्रथम जंतू दाखवले. हा गृहस्थ रोज सकाळी मिठाने दात घासून पाण्याने चूळ भरीत असे. तरीही दाढांच्या फटीत पिठाच्या लगद्यासारखे पांढरे किटण राहते, हे त्याला दिसले. ते त्याने भिंगाखाली धरले, तर आत जिवंत प्राणी इकडून तिकडे पळत होते! सप्टेंबर १६८३ मध्ये हे त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. पण खरी गंमत पुढे आहे. त्याने द्राक्षाच्या दारूचा कडक शिरका तोंडात घेऊन दातांतून घोळवला, आणि पुन्हा फटीतले किटण काढून पाहिले. प्राणी जिवंतच! भिंगाखाली मात्र शिरका घातला की ते लगेच मरत. त्याने अनुमान काढले की शिरका किटणाच्या आतपर्यंत शिरतच नाही, वरवरचे तेवढे मरतात. वनस्पतीपासून केलेल्या चुळेची भिंगाखाली झालेली ही अगदी पहिली परीक्षा, आणि तिचा निकाल आजही बदललेला नाही. किटण हा जंतूंचा चिकट थर आहे. काडीने, बोटाने, ब्रशाने तो आधी मोडावा लागतो. नुसत्या चुळेने तो जात नाही. आजोबांची काडी आधी आणि चूळ नंतर, हा क्रम उगीच नव्हता.

पुढे बर्लिनमध्ये, जंतुशास्त्रज्ञ कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या मिलर नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली पुस्तक लिहून दात का किडतात ते उलगडले. जंतू साखर आणि पीठ आंबवतात, त्यातून आम्ल होते, ते आम्ल दात विरघळवते. म्हणजे ज्याला आपण 'दातांतला किडा' म्हणून शोधत होतो तो आंबवणीच्या घड्यातलाच निघाला.

चुळेच्या औषधाचा बाजार मात्र निराळ्याच रीतीने वाढला. अमेरिकेत सेंट लुई येथे डॉक्टर लॉरेन्स यांनी १८७९ साली एक जंतुनाशक अर्क तयार केला आणि शस्त्रक्रियेत स्वच्छता आणणाऱ्या लिस्टर यांच्या नावावरून त्याला लिस्टरीन असे नाव दिले. तो मुळात जखमा धुण्यासाठी होता. १९१४ पासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळू लागला, आणि १९२० नंतरच्या दशकात त्याच्या जाहिरातींनी कमाल केली. तोंडाच्या वासाला एक भारदस्त लॅटिन नाव काढून, सुंदर मुलीचेही लग्न जमत नाही ते याचमुळे, असे चित्र वर्तमानपत्रांतून छापले गेले. बायकांना घाबरवून माल खपवण्याची कला आजची नाही! पण त्या अर्कात होते काय? निलगिरीचे सत्त्व, पुदिन्याच्या जातीतले मेंथॉल, विंटरग्रीनच्या तेलातले द्रव्य आणि थायमॉल. हे थायमॉल म्हणजे दुसरे काही नसून आपले ओव्याचे फूल. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानातला ओवा जर्मनीला जाई आणि तेथे त्याचे थायमॉल होई. पोट दुखले की आजी जो ओवा चावायला देई, तोच अशा रीतीने जगप्रवास करून आला आणि बाटलीत बसला.

झाडपाल्याच्या चुळा तोंडात करतात तरी काय, हे आता नीट कळू लागले आहे. मुख्य कारभार लाळेचा आहे. दिवसाला अर्ध्यापासून दीड लिटरपर्यंत लाळ आपल्या तोंडात येते. ती नुसते पाणी नव्हे. तिच्यात आम्ल मारणारे क्षार आहेत, दातांना परत भरून काढणारा चुना आहे, आणि चव जिभेपर्यंत नेणारी तीच आहे. जीभ स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा आणि साखरेचे चार दाणे ठेवा. लाळ सुटेपर्यंत ती गोड लागत नाही. वाग्भटाने गुळणी लाळ सुटेपर्यंत धरायला सांगितली, त्यातले मर्म हे.

हिरडा, बाभूळ, खैराचा कात, डाळिंबाची साल यांतला तुरटपणा टॅनिन या द्रव्याचा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांच्या गाठी करते, लाळेचे वंगण जाते आणि तोंड आवळल्यासारखे होते. म्हणूनच हिरड्या आवळतात, रक्त थांबते, जंतूंना चिकटायला अडचण होते. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात की तुरटपणा ही बहुतांशी चव नसून स्पर्शच आहे. आपल्याकडे मात्र तो सहा रसांत मानाने बसला आहे. मला विचाराल तर कच्चे केळे खाल्लेल्या माणसापुढे हा वाद घालू नये.

चवीची आणखी एक जादू आपण सगळ्यांनी लहानपणी पाहिली आहे: आवळा खाऊन पाणी प्यावे, पाणी गोड लागते. याच्या उलट जादू करणारी वेल सह्याद्रीत आहे. तिला मधुनाशिनी किंवा गुडमार म्हणतात. तिची दोन पाने चावून थुंकली आणि साखर तोंडात टाकली की वाळू खाल्ल्यासारखे होते. मी स्वतः हा प्रयोग केला आहे. पेढा खाल्ला तो मेणासारखा लागला, आणि अर्ध्या-पाऊण तासाने जीभ पूर्ववत झाली. १८४७ साली एजवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हा गुण नोंदवला, आणि १८८७ साली उटकमंड येथे हूपर या रसायनज्ञाने त्या पानातले द्रव्य वेगळे काढले. हे द्रव्य जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींची वाट अडवते. बाकीच्या चवी जशाच्या तशा राहतात.

माझ्या गुलाबी बाटलीत होते ते क्लोरहेक्सिडीन, कारखान्यात तयार झालेले. १९६५ साली डेन्मार्कमध्ये ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा निरोगी माणसांना दात घासणे बंद करायला लावले. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे सुरू करताच बऱ्या झाल्या. १९७० साली त्यांनीच दाखवले की दात न घासताही या औषधाच्या रोज दोन चुळा भरल्या तर किटण साचत नाही. एवढे प्रभावी! पण किंमतही आहे. खारट आणि कडू चव मंदावते, दातांवर तपकिरी डाग पडतात, आणि चहा पिणाऱ्यांच्या दातांवर ते अधिक पडतात. तोंडातले सगळेच जंतू काही चोर नव्हेत, हेही आता कळले आहे. जिभेच्या मागच्या बाजूला राहणारे काही जंतू पालेभाजीतल्या नायट्रेटवर काम करून रक्तवाहिन्या सैल ठेवणारे द्रव्य व्हायला मदत करतात. २०१३ साली लंडनमध्ये १९ निरोगी माणसांनी आठवडाभर जंतुनाशक चुळा भरल्या, तर त्यांचा रक्तदाब थोडा वाढलेला आढळला. माझ्या तीन आठवड्यांत माझा किती वाढला असेल हे विचारू नका; आमटीच्या दिवशी तर नक्कीच वाढला होता.

मग आजीची डबी बरी का? आपल्या देशात त्रिफळ्याच्या चुळेची परीक्षा पुष्कळांनी घेतली आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८ ते १२ वर्षांच्या १४३१ शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, आणि किटण व हिरड्यांची सूज कमी करण्यात त्रिफळा क्लोरहेक्सिडीनच्या बरोबरीला उतरला. तिळाच्या तेलाच्या गुळणीनेही जंतू कमी झालेले दिसले, पण तो प्रयोग अवघ्या २० मुलांवरचा होता. असे पुष्कळ प्रयोग लहान आणि थोड्या दिवसांचे असतात, त्यामुळे त्यावर डोलारा उभा करू नये. तरी आजी अगदीच वेडी नव्हती, एवढे म्हणायला हरकत नाही.

पण 'झाडपाल्याचे आहे, त्याने काय होणार?' हे वाक्य मी जेव्हा ऐकते तेव्हा मला आत्या आठवते.

तंबाखूही झाडपालाच आहे. ती चरकाच्या यादीत नाही, कारण ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर आली. सतराव्या शतकाच्या आरंभी अकबराचा सरदार असदबेग विजापूरला आला होता. तेथे त्याने ती पाहिली आणि नवलाई म्हणून बादशहापुढे नेली. दरबारच्या हकिमाने मोडता घातला: हे औषध कोणी पारखलेले नाही, आमच्या ग्रंथांत याविषयी काही लिहिलेले नाही. हकिमाचे कोणी फारसे ऐकले नाही. पुढे आपल्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून, दातांना लावायची रीत पडली, आणि ती विशेषतः बायकांत पसरली. हुक्का-विडी बायकांना शोभत नसे. मशेरी हे तर दात घासणे! भाजल्याने विष जळते असा समज होता. प्रत्यक्षात तंबाखूतले विष राहतेच, आणि भाजण्याने जळक्या धुरातल्या कर्करोगकारक पदार्थांची त्यात भर पडते.

आत्या बालविधवा होती. आमच्याकडेच राहिली. विशीत दाढ दुखत होती म्हणून शेजारणीने चिमूटभर मशेरी दिली, आणि ती सुटली नाही. सकाळी तवा तापला की सगळ्या घराला ठसका लागे. आईने दोन-तीनदा हळूच सांगून पाहिले, "वन्सं, एवढं सोडा ना." आत्या हसे. आज मला कळते की ती मशेरीसाठी पायरीवर बसे तो तेवढाच तिचा वेळ होता. तोंड भरलेल्या बाईला कोणी हाक मारत नाही, कारण ती उत्तर देऊ शकत नाही. दिवसभरात घराने तिला दिलेली सुट्टी ती एवढीच.

१९६९-७० च्या सुमारास तिला तिखट झोंबू लागले. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो तिने कोणाला दाखवला नाही. जाईचा पाला आण, असे मला सांगे. मी आणीत असे. त्रिफळा कुटून काढा करायला सांगे. मी करीत असे. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि आत्याची सेवा करते म्हणून सगळे मला नावाजत. त्या तुरट गुळणीने तिची आग कमी होई, दोन घास जात, आणि चट्टा आत वाढत राही. आई म्हणाली, "तोंड उघडा बघू," तर आत्या चटकन गुळणी भरून घेई आणि मान हलवी. तिने खरोखरीची गुळणी धरली होती. जवळजवळ दीड वर्ष. मुंबईच्या इस्पितळात नेले तेव्हा डॉक्टरांनी तिला काही न बोलता माझ्या वडिलांना बाजूला बोलावले. १९७२ च्या श्रावणात ती गेली.

त्याच १९७२ साली पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतील १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉक्टर मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला होता. तिथल्या बायकांत तंबाखू होती ती मुख्यतः मशेरीच्या रूपाने. मला तो अभ्यास पन्नास वर्षांनी भाचीने दाखवला. आत्यासारख्या किती पायऱ्यांवर बसलेल्या होत्या, हे त्या आकड्यात आहे.

सुपारी लक्षात ठेवा म्हटले होते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतील पाच हिंदी स्त्रियांच्या तोंडाचा एक आजार वर्णन केला: तोंडाची आग होते, आतली त्वचा ताठ होते, तोंड उघडेनासे होते. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉक्टर जोशी यांनी तोच आजार येथे दाखवला. त्याच्या मुळाशी सुपारी आहे, हे मागाहून ठरले, आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक म्हणून जाहीर केली. चरकाचा शब्द म्हणून मी वाग्भटाइतकाच त्याला मान देते, पण माझ्या घरच्या हळदीकुंकवाच्या तबकात आता लवंग-वेलदोडा असतो, सुपारी नसते. सासूबाई असत्या तर रागावल्या असत्या.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली. पण मशेरी दुकानातून थोडीच येते? ती तव्यावर होते.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने दातांची तपासणी ठेवली होती. मी नावे लिहून घ्यायला बसले होते. आपल्या सभासद आल्या, नवे कवच, जुनी दाढ, असल्या तक्रारी झाल्या. दुपारी आपल्यातल्याच एकीकडे धुणेभांडी करणाऱ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात. पदर तोंडावर. "मला काही नाही, तोंड आलंय नुसतं," म्हणाल्या. किती दिवस? "गौरीपासून." तेव्हा संक्रांत झाली होती. मी विचारले, लावता काय? त्यांनी खाली पाहिले. मी त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवले. रांगेतल्या दोघी कुरकुरल्या, त्यांची मी येथे पुन्हा क्षमा मागते. पांढरा चट्टा होता, पण वेळेवर सापडला. पुढे लहानशी शस्त्रक्रिया झाली. त्या बाई अजून कामाला येतात, आणि गेल्या वर्षीची आमटी त्यांनीही चाखली होती. "काकू, मला तर बरोबर लागली," असे मला समजावण्यासाठी म्हणाल्या. खोटे बोलत होत्या.

यंदाची तपासणी वर्धापनदिनानंतरच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळाच्या सभागृहात आहे. दोन आठवड्यांत न भरलेला तोंडातला कोणताही व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काही असेल त्यांना रांगेशिवाय आत घेण्याचे ठरले आहे. सभासद असण्याची अट नाही. घरी कामाला येणाऱ्या बायकांना त्या दिवशी दोन तासांची सुट्टी द्यावी आणि शक्य तर सोबत यावे. मशेरी लावता का, हे विचारायला मी दारात बसणार आहे. मात्र ते चारचौघींत न विचारता आतल्या खोलीत विचारीन. आणि त्या दिवशीचा चहा-फराळ दुसऱ्यांकडे आहे, माझ्याकडे नाही.